तारांखालचे दोरे

मिरजेचा तंबोऱ्यांचा कारखाना बंद पडला, तसे बाबालाल रोजगार केंद्रात जाऊन डोक्यात नव्या कामाची आवड बसवून आले.

“अब्बा, कसं आहे काम?” जेवताना रुखसानाने विचारलं.

“झकास. दिवसभर जुन्या बॅटऱ्या निवडायच्या. उद्या कधी उजाडतंय असं झालंय.”

“आणि तंबोऱ्याची आवड?”

“ती काढली. एका डोक्यात दोन मावत नाहीत म्हणे.”

लेकीने कोपऱ्यातला तंबोरा घेतला, तारांना झंकार देणारे त्यांच्याखालचे दोरे मुद्दाम काढून टाकले आणि तो छेडला. तारा नुसत्याच टणटणल्या. असा आवाज कानी पडला की बाबालाल पूर्वी तंबोरा नीट करायला भरल्या ताटावरून उठायचे.

दोरे निघालेत, हे त्यांना आताही लगेच कळलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“वाजव की,” ते म्हणाले, “थांबलीस का?”