मिलिमीटरसाहेबांचा शिक्का

"नाही म्हणजे नाही. या लाकडाला मी करवत लावणार नाही."

असं म्हणून मिलिमीटरसाहेबांनी कप टेबलावर ठेवला. टेबल डुगडुगलं आणि चहा बशीत सांडला. टेबलाचा एक पाय दोन सेंटिमीटर आखूड होता. त्याखाली घातलेली वर्तमानपत्राची घडी दर आठवड्याला दबायची आणि दर आठवड्याला बदलली जायची. रायफलींच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस असलेल्या, केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणाऱ्या माणसाच्या घरात हे टेबल होतं. बायकोने त्यावरून टोमणे मारणंसुद्धा आता सोडून दिलं होतं.

समोरच्या मुलीने रायफल मांडीवर आडवी धरली होती. चाळीस वर्षांपूर्वीची, बोल्ट मागे ओढून एकेक गोळी भरायची, खास नेमबाजीसाठी बनवलेली. तिच्या क्लबात धड चालणारी हीच एक होती.

"काका, खांद्याला टेकवायचा हा लाकडी दस्ता मला लांब पडतो," ती म्हणाली. "मान ताणून पुढे न्यावी लागते. पहिल्या पन्नास गोळ्या नीट जातात. मग मान भरून येते आणि शेवटच्या दहा कुठेही जातात. मागच्या वर्षी एका गुणाने राहिले. आठ दिवसांनी पुन्हा निवड आहे, आणि वयाच्या गटात माझं हे शेवटचं वर्ष. दोन सेंटिमीटर कमी झाला तरी पुरे. क्लबची परवानगीची चिठ्ठी आणलीय मी."

"चिठ्ठीचं काय घेऊन बसलीस? हे बघ." साहेबांनी दस्त्याच्या टोकाजवळ बोट ठेवलं. तिथे लाकडात एक छोटा गोल शिक्का उमटवलेला होता. "हा माझा शिक्का. त्या वर्षीच्या मालाला तोड नव्हती. पन्नास मीटरवर पाच गोळ्या, शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत! का? तर कारखान्याच्या आराखड्यात असेल तेवढंच. वर काही चिकटवायचं नाही, आत काही कोंबायचं नाही. कुणी शहाणपणा केला की माल परत. रायफलीला नावं ठेवण्यापेक्षा तू मान सुधार."

"मान कशी सुधारायची, काका?"

तिने हे अगदी साधेपणाने विचारलं. साहेबांना उगाचच वाईट वाटलं. पोरगी दोन बस बदलून आली होती.

"दस्त्याला हात लावणार नाही," ते जरा नरमून म्हणाले. "पण आलीच आहेस तर बाकीचं बघून देतो."

त्यांनी खालचे दोन स्क्रू काढले आणि नळी लाकडातून अलगद उचलली. पुढच्या टोकाला, जिथे नळी लाकडावर टेकते, तिथे पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. नखाएवढा, पिवळा पडलेला, कडा कात्रीने नीट कापलेल्या. त्यावर कारखान्याच्या कँटीनचं अर्धं नाव छापलेलं होतं, आणि निळ्या पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता. सातचा आकडा, पोटात आडवी रेघ मारलेला.

असा सात साहेब रोज बघत होते. घरातल्या कॅलेंडरवर, डब्यांच्या चिठ्ठ्यांवर.

"अगं, जरा बाहेर ये."

बायको हात पुसत आली. ती त्याच कारखान्यात लाकूडकामाच्या खात्यात होती. नळ्या दस्त्यात बसवायचं काम तिच्याकडे असे. तिने चष्मा वर सरकवून तुकडा बघितला.

"माझं चहाचं कार्ड," ती म्हणाली. "अजून आहे होय?"

"हे आत कसं आलं?"

"मीच घातलं. ओलं लाकूड यायचं तेव्हा. वाळलं की नळी खाली बसायची आणि नेम ढळायचा. एवढंसं खाली सरकवलं की सुतासारखी सरळ."

"किती रायफलींत घातलंस?"

"जिथे लागलं तिथे. प्रत्येकीची गरज वेगळी."

"त्या वर्षीच्या मालात?"

"त्या वर्षी जरा जास्तच."

मुलगी खाली बघत राहिली. हसू येत होतं, पण हसायची ही वेळ नव्हती.

"मला सांगितलं का नाहीस?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग कमी होता आणि दुःख जास्त.

"तुम्ही काढायला लावलं असतं," बायको हळूच म्हणाली. "आणि मग माल नापास झाला म्हणून रात्रभर कूस बदलत राहिला असता."

साहेबांनी तुकडा तळहातावर घेऊन थोडा वेळ बघितला. मग तो होता तिथे, होता तसा परत ठेवला, वर नळी बसवली आणि स्क्रू आवळले. मुलीला उभं केलं, रायफल खांद्याला लावायला सांगितली, मान सरळ होईपर्यंत मागेपुढे करून बघितलं आणि दस्त्यावर पेन्सिलीने रेघ मारली.

"काका, शिक्का रेघेच्या पलीकडे गेला," मुलगी म्हणाली.

"दिसतंय मला. धर घट्ट."

त्यांनी मागची लोखंडी पट्टी काढली आणि करवत लावली. जुनं लाकूड चिवट होतं, वेळ लागला. तुकडा जमिनीवर पडला तो शिक्का वर करून.

साहेब गुडघ्यावर बसले. तुकडा उचलला, पण उठले नाहीत. टेबलाखाली हात घालून त्यांनी वर्तमानपत्राची घडी ओढून काढली आणि आखूड पायाखाली तो तुकडा सरकवला.

"बघ गं," ते खालूनच म्हणाले.

बायकोने टेबलावर दोन्ही हात टेकून भार दिला. कपातला चहा हलला नाही.

"पास," ती म्हणाली.