अळंबीची जागा

मालेच्या रत्नाबाई दर श्रावणात रानातून पाटीभर अळंबी आणायच्या, पण जागा सख्ख्या सुनेलाही दाखवायच्या नाहीत. यंदा त्यांचा गुडघा धरला, तशी रेश्माने गळ घातली, "आत्या, जागा तेवढी सांगा, मी आणते की."

"गुडघा बरा व्हईल माजा," म्हणून सासूने कूस बदलली.

रेश्माही काही कमी नव्हती. गेल्या साली पुण्याच्या संशोधक मॅडमना आत्यांनी थेट जागेवर नेलं होतं. मॅडमनी एक अळंबी वाळवून संग्रहालयासाठी पाकिटात घातली होती, आणि सापडल्याचं ठिकाण पाकिटावर लिहावंच लागतं, हे रेश्माने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी माहेरी जाते असं सांगून ती निघाली आणि पिरंगुटला बस बदलून थेट संग्रहालयात पोचली. गावाचं नाव ऐकताच तिथल्या कारकूनबाई गालात हसल्या. त्यांनी आधी चहा मागवला, मग कपाटातून पाकीट काढून पुढे ठेवलं. रेश्माने अधाशासारखं वाचलं :



"ठिकाण : माले, तालुका मुळशी. नेमकी जागा रत्नाबाईंच्या अटीनुसार गुप्त. सून विचारायला येईल, चहा पाजून परत पाठवावे."