शेवटची ओळखीची जागा

पांडवलेण्यामागच्या टेकड्यांत पप्पा मला नकाशा बघत सायकल चालवायला शिकवायचे. मी चुकले, की मागून आवाज यायचा, "मॅडम, मालेगावला निघालात का? वाट हरवली की पुढं दामटायचं नाही. शेवटच्या ओळखीच्या जागी परत जायचं."

माझ्या पहिल्या सायकल-स्पर्धेच्या सकाळी ते दवाखान्यात होते. "जा गं. मी कुठं जातोय? इथंच आहे," म्हणाले. मी गेले. नकाशात खुणा केलेल्या जागी लावलेले सगळे झेंडे शोधले. त्या नादात पप्पांची आठवणसुद्धा झाली नाही. परतले, तेव्हा त्यांच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

 

आता दर रविवारी सायकल काढते आणि त्या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहते.