पलीकडच्यांची ओळख

"ताई, ह्या काकांना ओळखता का?" किल्लीवाल्याने विचारलं.

ती दारात उभी होती, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. किल्लीवाल्याच्या मागे पलीकडच्या घरातले गृहस्थ उभे होते, पायांत घरातल्या सपाता, हातात कचऱ्याची रिकामी बादली. कचरा टाकायला म्हणून खाली गेले आणि मागे वाऱ्याने दार लागलं. किल्ली आत, पाकीट आत, भरून ठेवलेली बॅगही आत. गाडी सव्वाचारची आणि आता साडेतीन होत आले होते.

"माझं दोन मिनिटांचं काम आहे," किल्लीवाला म्हणाला. "पण मागं एकदा असंच एकाला दार उघडून दिलं, तर घर भलत्याचंच निघालं. तीन महिने पोलीसचौकीच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हापासून शेजाऱ्याने सांगितल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही. खालच्या मजल्यावर विचारलं, तर म्हणतात, पाहिल्यासारखं वाटतंय. आणि काका म्हणतायत, अकरा वर्षं झाली इथे."

तिने टाचण्या तोंडातून काढून एकेक करून बाहीला टोचल्या. तिला काही घाई नव्हती.

सहा वर्षांपूर्वी, राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती झाकलेली वाटी घेऊन ह्यांच्या दाराशी गेली होती. दार चार बोटं उघडलं आणि आतून आवाज आला, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." वाटी तशीच परत आली. पुढे जिन्यात गाठ पडली की पलीकडचे भिंतीला रंग द्यायला आल्यासारखे भिंतीकडेच बघत वर चढायचे. इकडची माणसंच तशी, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

"बहीण दवाखान्यात आहे," पलीकडचे म्हणाले. तिच्याशी नव्हे, बादलीशी. "थोरली. डॉक्टर म्हणतात, आजच्या आज या. उद्याचं काही सांगता येत नाही."

आवाज कापरा झाला होता त्यांचा. तिच्या ओठांवर "हो" आलंच होतं, तेवढ्यात किल्लीवाल्याला आणखी खात्री करून घ्यायची हौस आली.

"काका, तुम्हीपण सांगा काहीतरी ताईंबद्दल. दोन्हीकडून ओळख पटली की मी मोकळा."

"ओळखतो की," पलीकडचे घाईघाईने म्हणाले. "शिवणकाम करतात. मागच्या थंडीत ह्यांची आई गेली, इथेच, आतल्या खोलीत. चार दिवस रडत होत्या. आमची मधली भिंत एकच आहे ना, सगळं ऐकू यायचं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या चार दिवसांत तिच्या दारावर एकदाही थाप पडली नव्हती. आईला खाली न्यायला पैसे देऊन माणसं बोलवावी लागली होती. कुणाला कळलंच नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीवरच हे वर्ष निघालं होतं.

"तुम्हाला ऐकू येत होतं?"

"अगदी स्पष्ट. मी तर ते चार दिवस रेडिओसुद्धा लावला नाही." खरं सांगायचं तर, आवाजात थोडा अभिमानच होता. "आमच्याकडे दुःखातल्या माणसाच्या दाराशी जात नाहीत. त्याला त्याचं त्याचं राहू देतात."

"आमच्याकडे जातात," ती म्हणाली.

"ज्याची त्याची पद्धत," किल्लीवाला पेटी उघडत म्हणाला. "आमच्याकडे आधी भांडतात, मग ओळख होते. चला, झालं काम. घर ह्यांचंच ना ताई?"

तिला पलीकडच्यांचं सगळं ठाऊक होतं. सकाळचा खोकला, दुपारची झोप, दर रविवारी ह्याच थोरल्या बहिणीशी फोनवर मोठमोठ्याने बोलणं. भिंत तिच्याही बाजूला होतीच.

"मी नाही ओळखत ह्यांना," ती म्हणाली.

किल्लीवाल्याने पेटी मिटली. पलीकडच्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "अहो," म्हणाले, आणि पुढे तिला कोणत्या नावाने हाक मारायची ते त्यांना माहीत नव्हतं.

"चौकीवरून कागद आणा काका, लगेच उघडतो," किल्लीवाला म्हणाला. "दोनेक तास जातील. माझा नाइलाज आहे." तो जिना उतरून गेला.

तिने दार लावलं. बरं वाटत होतं तिला, चांगलंच बरं वाटत होतं. ती मशीनपाशी येऊन बसली, पण सुईखाली कापड सरकवलं नाही. बाहेर पायरीवर बादली टेकल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने, म्हाताऱ्या माणसाचं दाबून धरलेलं रडणं.

तिने उठून पंखा बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून.