फोटोची तयारी

आमची सगळी कुटुंबं एकत्र राहतात त्या लांबघरामागच्या कुजक्या ओंडक्यावर निळी अळंबी उगवली. मी मोबाईलवरून फोटो पाठवला, तर कुचिंग शहरातून अळंबीच्या अभ्यासक सिउ लान मॅडमचा लगेच फोन. "अकरा वर्षं शोधतेय ही! तिथेच, लाकडावरच फोटो काढायचेत. निघालेच."

मी आईला बजावलं, "पाहुण्या येताहेत, अळंबीचे फोटो काढायला. शिजवू नकोस हं!"

"एवढी खादाड वाटले होय रे तुला?"

दोन दिवस होडीतून प्रवास करून मॅडम पोचल्या. आई त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली. सणाला काढायच्या विणलेल्या कापडावर सगळी अळंबी धुऊन, पुसून, ओळीनं मांडलेली.

मी कसंबसं विचारलं, "आणि ओंडका?"


"तो घाणेरडा? फोडून चुलीत घातला. फोटोत आला असता ना!"