पाण्यात चालणारं घड्याळ

"आठशे," जानराव म्हणाला आणि त्यानं ते घड्याळ सरळ पाण्याच्या लोट्यात सोडून दिलं.

केशवराव खुर्चीवरून अर्धे उठले. लोट्याच्या तळाशी सेकंदकाटा आपला शांतपणे फिरत होता.

"भेऊ नका, मास्तर. पानबुड्याईचं घड्याळ हाये हे. पान्यानं याले काई होत नाही."

"अहो, पण नवं होतं तेव्हा शंभराला मिळायचं!"

"तवा भेटे. आता कंपनीनं बनवनंच बंद केलं. साऱ्या अकोल्यात हे एकच हाये. घ्याचं तर घ्या, मी काई जबरदस्ती करून नाही राहिलो."

केशवराव अमरावतीच्या शाळेत गणित शिकवत. त्यांनी तिथल्या तिथे मनाशी गणित मांडलं. नव्याची किंमत, त्यातून वापराची घट, वर दुर्मिळपणाची भर. सढळ हातानं भर घालूनही उत्तर अडीचशेच्या पुढे सरकेना.

"अडीचशे देतो," ते म्हणाले.

"मी नुसता दलाल. मालकाले विचारून पाह्यतो."

"मालक कोण?"

"घरंदाज मानूस हाये. नाव सांगू नोको म्हनते."

आता एका गणिताच्या मास्तराला पाणबुड्यांचं घड्याळ कशाला हवं होतं? तर जावयासाठी. त्यांच्या मुलीला, चारुशीलेला, सव्विसावं लागलं होतं आणि आलेली सगळी स्थळं हुंड्यावरून मोडली होती. हुंडा द्यायचा नाही, अशी शपथ केशवरावांनी मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला बसून घेतली होती. शपथ घेताना मुलगी सहा वर्षांची होती, त्यामुळे ती फार सोपी गेली.

आणि मग अकोल्याचे बापूसाहेब वकील भेटले. मुलगा गोपाळकृष्ण, वडिलांच्याच हाताखाली वकिली करणारा. हुंड्याचा विषय निघताच बापूसाहेबांनी कानांवर हात ठेवले होते. "आता कायदा झाला म्हणून नव्हे, केशवराव. तो शब्दच आमच्या घरात नको." केशवरावांचे डोळे भरून आले होते. असा माणूस या जगात आहे, आणि तो आपला व्याही होणार!

निघताना बापूसाहेबांनी दारापर्यंत येऊन सहज सांगितलं, "मुलाची एक हौस आहे तेवढी. मुंबईला शिकत असताना पोहायची गोडी लागली त्याला. ते पाण्यात चालणारं घड्याळ असतं ना, तेच त्याला हवं. जानरावकडे विचारून बघा. मिळालं तर त्याच्याकडेच मिळेल."

घरी हे ऐकून चारुशीला खो खो हसली. "अकोल्याच्या मोर्णा नदीत गुडघाभर पाणी नाही, बाबा. तिथं हे बुडणार कसे?"

जानरावच्या मालकाचं उत्तर दुसऱ्या खेपेला मिळालं. अडीचशेला साफ नकार. केशवराव मग थेट बापूसाहेबांकडे गेले. दुसरं चांगलं, नवं कोरं घड्याळ दिलं तर?

बापूसाहेबांनी त्यांना बसवून चहा पाजला. "काहीच देऊ नका. अगदी मनापासून सांगतो. फक्त मुलगा जरा हट्टी आहे. त्याच्या मनातून एकदा उतरलं की माझंही चालत नाही. खामगावचे लोकही येऊन गेले म्हणा परवा. पण तुम्ही ते मनावर घेऊ नका."

केशवरावांनी ते मनावर घेतलं. मोटारीनं अमरावती येईपर्यंत दुसरं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

चारुशीला मुलींच्या शाळेत शिकवायची. बी.टी. ही शिक्षकी पदवी घ्यायला नागपूरला जायचं म्हणून चार वर्षं ती पोस्टात पैसे टाकत होती. घरात एवढी मोठी रक्कम तीच होती. वडिलांनी तोंड उघडायच्या आधीच तिला ते कळलं.

"हा हुंडाच झाला, बाबा," ती म्हणाली.

केशवराव ताडकन उठले. आयुष्यात ते तिच्यावर असे ओरडले नव्हते. "हुंडा वरपक्षाच्या घरात जातो! हे पैसे घड्याळवाल्याला जाणार आहेत. एवढी शिकलीस, आणि एवढा फरक कळत नाही तुला?"

दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी पोस्टात जाऊन पैसे काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्या दिवसापासून घरात बी.टी.चं नाव कुणी काढलं नाही.

शेवटच्या खेपेला केशवरावांनी जानरावला साडेसातशेवर आणलं. पन्नास वाचवले या आनंदात परतताना त्यांनी मुलीसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. तिनं तो केसांत माळला.

सीमांतपूजनाला मांडव भरून गेला होता. नवरदेव पाटावर बसला. चेहऱ्यानं गरीब, लाजरा मुलगा. पाहताक्षणी केशवरावांना त्याची माया वाटली. बापूसाहेब उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, या लग्नात आम्ही हुंड्याची एक दमडी घेतलेली नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केशवरावांचा ऊर भरून आला. माजघराच्या दाराशी चारुशीला उभी होती. बघ, म्हणालो नव्हतो मी, अशा नजरेनं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मग त्यांनी घड्याळ डबीतून काढलं. नवरदेवानं डावा हात पुढे केला. केशवरावांनी पट्टा गुंडाळला, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे बक्कल काही लागेना.

नवरदेव खाली वाकला आणि हळूच, अगदी आपुलकीनं म्हणाला, "काका, त्या छिद्रात नको. तिथं मला नेहमी सैल होतं."