दोषाचा रकाना

"'नाही' लिही आणि मोकळी हो," नवरा म्हणाला.

ती मोबाइल हातात धरून तशीच बसली. जुन्या सामानाच्या लिलावाच्या साइटवर बाकी सगळं भरून झालं होतं. वस्तू: बाळाची लाकडी कॉट. स्थिती: उत्तम. विक्रीचं कारण: मुलगी मोठी झाली. शेवटचा रकाना तेवढा कोरा होता. दोष.

कॉटचा एका बाजूचा कठडा वरखाली व्हायचा. वर ओढला की खटका बसायचा आणि खट्ट असा आवाज यायचा. महिन्यापूर्वी एका सकाळी तोच कठडा, नीट खट्ट वाजून बसलेला, मुलगी त्याला धरून उभी असताना धाडकन खाली आला. ती शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून मुलगी वरच्यावर तिच्या हातात आली. त्या दिवसापासून मुलगी जमिनीवरच्या गादीवर झोपत होती. रिकामी कॉट अर्धी खोली अडवून उभी होती.

"मी स्क्रू आवळलाय," नवरा म्हणाला. "पन्नास वेळा वरखाली करून पाहिला. पडला एकदा तरी?"

"तेव्हा आत कुणी उभं नव्हतं."

"अगं, लहान मुलांच्या सामानात दोष लिहिला की ते लिलावात घेतच नाहीत. नियमच आहे त्यांचा. मग काय, जन्मभर हिला प्रदक्षिणा घालत राहू? तू गॅसचं बटण तीन-तीनदा बघतेस. तुला सगळ्यातच दोष दिसतात. माझ्यात तर रोज नवा दिसतो."

तिला हसू आलं. त्या हसण्याच्या भरातच तिने 'नाही' लिहून टाकलं.

बोली चार दिवस चालली. शनिवारी दुपारी जिंकलेली बाई स्वतःच कॉट न्यायला आली. आठवा महिना होता. जिना चढून धाप लागली होती, तरी पाणी पिण्याआधी ती कॉटपाशी गेली. पायाकडच्या फळीवर मुलीने चिकटवलेलं पिवळं बदक होतं. त्याची चोच फाटली होती. ती बदक खरवडायला वाकली, तर बाईने तिचा हात धरला.

"राहू दे हो ताई, छान दिसतंय. आमचं पहिलंच आहे, तेही सहा वर्षांनी. हे म्हणत होते नवीन घेऊ. मी म्हटलं, नको. जिच्यात एक लेकरू सुखरूप वाढलंय, तीच हवी." मग तिने कठड्यावरून हात फिरवला. "हे कसं लावायचं? हे कामावर गेले की घरात मी एकटीच. मला बाई यंत्रातलं काही कळत नाही."

नवरा खाली टेम्पोवाल्याशी बोलत होता. मुलगी गादीवर झोपली होती. सांगायचंच तर एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही.

"वर ओढायचा," ती म्हणाली. "खट्ट वाजलं की बसला. मग काळजी नाही."

बाईने करून पाहिलं. खट्ट. पुन्हा केलं. खट्ट. "जमलं की!" म्हणत ती लहान मुलीसारखी हसली.

संध्याकाळी साइटवर त्या बाईचा शेरा आला. पाच तारे. "ताई फार प्रेमळ. खटका लावायलासुद्धा शिकवलं."

त्यानंतर तिने त्या बाईला किती वेळा लिहायला घेतलं. 'एक सांगायचं राहिलं' इतकं लिहायची आणि पुसायची. नववा महिना लागला असेल, आत्ता कशाला घाबरवा. मग बाळंत झाली असेल, ओली बाळंतीण, आत्ता कशाला. आणि बाळ काय लगेच धरून उभं राहणार आहे का? आठ-नऊ महिने तरी जातील. तोवर सांगू. ती बोटांवर मोजायची आणि तिला बरं वाटायचं. वेळ होता.

एके दिवशी तिने मन घट्ट करून सगळं लिहिलं. कठडा, ती सकाळ, सगळं. पाठवायला गेली तर पडद्यावर ओळ उमटली. 'हा व्यवहार बंद झाला आहे. आता संदेश पाठवता येणार नाही.' नंबर साइटने कधी दिलाच नव्हता. पत्ता टेम्पोवाल्याला ठाऊक, आणि टेम्पो त्या बाईने आणलेला.

"एव्हाना त्यांच्या लक्षात आलं असेल गं," नवरा म्हणाला. "सगळे काय आपल्यासारखे आळशी नसतात. नवा खटका बसवला असेल."

ते तिने धरून ठेवलं. रोज थोडं थोडं खरं मानलं.

पुढच्या वर्षी स्वयंपाकघरात मांडणी करायची ठरली. जुनी फळी स्वस्तात मिळते का, म्हणून ती साइटवर लाकूड-भंगाराच्या यादीत बघत होती. मुलगी मांडीवर होती. ती एकेक फोटो सरकवत होती. दारं, खिडक्यांच्या चौकटी, मोडकी टेबलं.

"बदक!" मुलगी ओरडली. "आई, माझं बदक!"

फाटक्या चोचीचं पिवळं बदक. कॉट भिंतीला टेकवून ठेवली होती. तिला तीनच बाजू होत्या, कठडा काढून खाली ठेवला होता.

तिच्या हाताची बोटं आपोआप मोजू लागली. बाळाचा दहावा महिना. फार तर अकरावा.

मुलीने पडद्यावरच्या बदकाचा पापा घेतला. तिने मोबाइल हळूच तिच्या तोंडापासून दूर धरला आणि खाली सरकवला. विक्रीचं कारण: तो रकाना कोरा होता. दोषाच्या रकान्यात लिहिलं होतं:

"खट्ट वाजतं, तरी कठडा निसटतो. बाळासाठी कुणी मागितली, तर देणार नाही."